लिमोजला उतरले म्हणून

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या चांगल्या पायावर, गुडघ्याच्या मागे, सोनोग्राफीच्या यंत्राची मूठ ठेवली. पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळी वर्तुळं दिसली. त्यांनी मूठ दाबली तसं त्यातलं एक चपटं झालं, दाब काढला तसं पुन्हा फुगलं. मग त्यांनी दुखऱ्या पायावर तेच केलं. या वेळी दोन्ही वर्तुळं तशीच गोल राहिली. त्यांनी जरा जोर लावून पुन्हा दाबलं. फरक पडला नाही.

बाई फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. उशीवर माझा फोन होता आणि फोनमध्ये माझी मुलगी रेवा. ती मला सांगू लागली, "आये, शिरेत गुठळी आसा. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतत."

थोडक्यात डीव्हीटी. पायाच्या अगदी आत, स्नायूंच्या खाली जी मोठी शीर असते, तिच्यात रक्त साकळून गुठळी होते. ती जागच्या जागी राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो. पण तिचा तुकडा सुटला आणि रक्ताबरोबर वर जाऊन फुप्फुसात अडकला, तर धडधाकट माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. हे दोन्ही शब्द मी साठ वर्षांत कधी ऐकले नव्हते.

हे ऐकताना मी फ्रान्समधल्या लिमोज नावाच्या गावात, एका खाटेवर होते. रेवा तिथून तीन तासांवर तुलूझला, दुसऱ्या एका खाटेवर होती आणि तिला बाळंतपणाच्या कळा सुरू होत्या. माझ्या पायाचं काहीही तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी बारा दिवस जिवाचा आटापिटा केला होता. आणि शेवटी माझं दुखणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं म्हणणं मला सांगत होती तीच.

पहिल्यापासून सांगते. माझ्यासारखा शहाणपणा करणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांनी तरी वाचावं.

मी तारकर्लीजवळची. प्राथमिक शिक्षिका होते, शेवटची काही वर्षं कसालच्या बाजूला होते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे शिकवलं आयुष्यभर मी आणि मास्तर म्हणून ओळखतात यांना. आम्हाला एकच मुलगी, रेवा. ती तुलूझला विमानं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि फ्रेंच पाण्यासारखं बोलते. जावई निखिल साताऱ्याचे. त्यांचं काम घरून आणि सगळं इंग्रजीत, त्यामुळे त्यांचं फ्रेंच बेकरीच्या दारापर्यंत.

पहिलं बाळंतपण माहेरी. लेकीला इकडे येणं जमणार नव्हतं, तेव्हा माहेरच उचलून तिकडे न्यायचं ठरलं. बॅगेत कुळथाचं पीठ, अळीव, डिंक, सुंठ, जुन्या साड्यांची दुपटी भरली. वर लिटरभर आगळ. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, लालभडक. रेवाला डोहाळे लागल्यापासून सोलकढीची आठवण येत होती. तिकडे विमानं मिळतात, आगळ मिळत नाही.

निघायला बारा दिवस असताना मी काजू गोळा करायला वरच्या बागेत गेले. काजूचा पातेरा, म्हणजे वाळून पडलेली पानं, उतारावर तेल ओतल्यासारखा निसरडा असतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी घसरले. घोट्यात कट्ट असा आवाज झाला.

कुडाळला एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले लॅटरल मॅलिओलसचं फ्रॅक्चर आहे. घोट्याला बाहेरच्या बाजूने जो उंचवटा हाताला लागतो, ते हाड. सरकलेलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. हा डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्याने नीट विचारलं, "बाई, पाय टेकायचा नाही, उंचावर ठेवायचा, बोटं हलवत राहायची. आणि प्रवासबिवास काही नाही ना?"

"छे रे, कसला प्रवास," मी म्हटलं.

वर्गात खोटं बोलणाऱ्याला अंगठे धरायला लावणारी मी. पण खरं सांगितलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं, आणि नको मला ऐकायचं नव्हतं. वकील आणि वैद्य यांच्यापासून काही लपवू नये म्हणतात ते उगाच नाही. त्याला कळलं असतं तर त्याने कदाचित चार इंजेक्शनं दिली असती आणि जा म्हटलं असतं. पाय प्लास्टरमध्ये निश्चल असला की शिरेतलं रक्त संथ होतं, त्यात विमानात तासन् तास बसणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हे मला नंतर समजलं.

दुसरं खोटं रेवाशी. आमच्याकडे पोटुशीच्या कानावर वाईट बातमी घालत नाहीत. कोणी गेलं तरी तिला आठ दिवस सांगत नाहीत. मास्तर म्हणाले, "तिका सांगूक व्हया गो. दारात उभी रवलंस की दिसतलाच मा?"

"भरल्या पोटाच्या बायकेक असला सांगूचा नसता. दिसात तेव्हा बगू," मी म्हटलं.

व्हिडिओ कॉलवर मी फोन असा धरायचे की कमरेच्या वरचीच दिसेन. एकदा ती म्हणाली, तू सारखी बसलेली का असतेस? मी म्हटलं, वय झालं.

विमानतळावर पायघोळ झगा घातला आणि गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर मागितली. माझ्या वयाच्या बाईचे गुडघे दुखतात याचं कोणालाच नवल वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. विमानात सारखं उठायला लागू नये म्हणून पाणीही बेताने प्यायले. पॅरिस यायच्या आधी पोटरीत ठसठसायला लागलं. मला वाटलं, गोळा आला असेल.

पॅरिसला उतरून फोन चालू केला तर निखिलचा निरोप. "आई, रेवाचं पाणी गेलंय. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, सगळं ठीक आहे. पण मी तुम्हाला घ्यायला येऊ शकत नाही. टॅक्सीने ऑस्टरलिट्झ स्टेशनवर जा. तिकिटं फोनवर पाठवलीत. एकच गाडी, कुठेही बदलायची नाही, थेट तुलूझ."

मी मास्तरांकडे बघितलं. आयुष्यभर लोकांना गाडीत चढवण्याचं काम केलेला माणूस, त्याने एका हातात माझा वॉकर घेतला, दुसऱ्यात बॅग, आणि टॅक्सीवाल्याला फोनवरचं नाव दाखवून मोकळा झाला. त्या क्षणी मला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. रेवाची खाट. पहिलटकरणीला वेळ लागतो. संध्याकाळच्या आत तिच्या उशाशी पोचायचंच.

गाडी सुटली. समोरासमोरच्या जागा होत्या. समोर एक सत्तरीच्या बाई लोकरीचं विणकाम करत बसल्या होत्या. मास्तरांनी बॅग माझ्यापुढे आडवी ठेवली आणि माझा पाय उचलून तिच्यावर ठेवला.

"डॉक्टरान पाय उंचार ठेव म्हणून सांगल्यान ना?" स्वतःवर खूष होऊन ते म्हणाले.

बाहेर पिवळ्या फुलांची शेतं सुरू झाली. मोहरीसारखं काहीतरी पीक, नजर पोचेल तिथपर्यंत पिवळंच. मधे एखादं टोकदार कळसाचं चर्च, चार घरं, पुन्हा पिवळं. गायी पांढऱ्या, मांडी ठोकून बसलेल्या. ना दगडांचा गडगा, ना कुंपण, ना हाका मारणारं कोणी. मास्तर म्हणाले, "इतक्या मोठा शेत आणि माणूस एक नाय. पेरता कोण?" तिकीट तपासायला आलेल्या माणसाकडे त्यांनी जाणकार नजरेने पाहिलं. त्याने आमच्या फोनवर यंत्र टेकवलं आणि हसून गेला. यांना ते पटलं नाही. "पंच नाय, काय नाय. ह्येका काय तिकीट म्हणतत?"

मला हसू येत होतं, पण पाय आता तट्ट झाला होता. प्लास्टर आतून आवळल्यासारखं वाटत होतं. गुडघ्याच्या वर गरम लागत होतं. मास्तरांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा मान हलवली. घड्याळात तुलूझला अजून चार तास होते. मी पिवळ्या शेतांकडे बघत राहिले.

शातोरू नावाचं स्टेशन गेलं आणि समोरच्या बाई एकदम ताडकन उभ्या राहिल्या. विणकाम खाली पडलं. "साँ! साँ!" त्या माझ्या पायाकडे बोट दाखवून ओरडल्या. साँ म्हणजे रक्त हे मला नंतर कळलं, पण चेहरा वाचता येतो. मी खाली पाहिलं. माझं पांढरं प्लास्टर टाचेपासून अर्ध्या नडगीपर्यंत लालभडक झालं होतं आणि बॅगेखालून एक लाल ओघळ शेजारच्या प्रवाशाच्या बुटापर्यंत गेला होता.

माझ्या आधी मास्तरांना उलगडा झाला. ते कळवळून म्हणाले, "गेला! सगळा आगळ गेला!"

माझ्या टाचेच्या भाराने बाटलीचं झाकण फिरलं होतं. प्लास्टर कोरडंठाक, ते टिपकागदासारखं आगळ पीत बसलं होतं.

तिकीट तपासनीस धावत आला. त्याच्यामागे डब्यातले निम्मे लोक. कोणी टॉवेल आणला, कोणी माझं डोकं मागे टेकवलं. भोंग्यावरून काहीतरी घोषणा झाली. मी सांगत होते, "नो ब्लड! फ्रूट! फ्रूट!" पण पाय लाल आणि तोंडाने फळ फळ म्हणणारी बाई शुद्धीवर आहे असं कोणाला वाटेल? तेव्हा मास्तर पुढे झाले. त्यांनी माझ्या प्लास्टरवर बोट फिरवलं, ते सगळ्यांना दाखवलं आणि तोंडात घालून चोखलं. "गूड," ते म्हणाले. आणि लोकांचा विश्वास बसत नाहीसा पाहून पुन्हा एकदा चोखलं.

विणकामवाल्या बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. एक गृहस्थ दुसऱ्या डब्यात निघून गेले.

घोषणा ऐकून एक तरुण डॉक्टर आला होता. कुरळे केस, पाठीला पिशवी. तो वाकला, वास घेतला आणि हसायला लागला. त्याला इंग्रजी येत होतं. त्याने सगळ्यांना सांगितलं की रक्त नाही, तसा डबाभर हशा पिकला. मीही हसले. तो तेव्हाच निघून गेला असता तर मी आज लिहायला असते की नाही, कोण जाणे. पण आलाच आहे तर बघू, असं म्हणून त्याने माझ्या पायाची बोटं दाबून पाहिली, मग गुडघ्याच्या मागे दाबलं. मी मास्तरांचा हात गच्च पकडला.

त्याचं हसू गेलं. विणकामवाल्या बाईंकडे मोजपट्टी होती, ती त्याने मागून घेतली आणि माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. दुखरी बाजू तीन सेंटिमीटर जास्त भरली.

"प्लास्टर कधी घातलं?"

"बारा दिवस झाले."

"विमानातून कधी उतरलात?"

"आज सकाळी."

"रक्त साकळू नये म्हणून इंजेक्शनं घेत होतात?"

"नाही."

"तुमच्या डॉक्टरांना या प्रवासाचं माहीत होतं?"

"नाही. मी सांगितलंच नाही."

तो माझ्या शेजारी बसला. "मादाम, ते लाल पाणी काहीच नाही. हा पाय मात्र मला आवडत नाही. पाऊण तासाने लिमोज येईल. तिथे अँब्युलन्स बोलावतो. तुम्ही उतरायचं."

मी म्हटलं, नाही. मुलगी बाळंत होतेय, तुलूझला. तिथेही हॉस्पिटल आहे, तिथे गेल्या गेल्या दाखवीन. लिमोजपासून तीन तासांचा तर प्रश्न आहे.

"तीन तासांत कदाचित काहीच होणार नाही," तो म्हणाला. "पण झालं, तर या गाडीत माझ्यापाशी काही नाही. दोन हात आहेत फक्त."

मी मास्तरांकडे बघितलं. घरात माझा शब्द चालतो. भाजी कुठली इथपासून जावई कुठला इथपर्यंत. मी डोळ्यांनी सांगत होते की नाही म्हणा. मास्तर उठून उभे राहिले आणि बॅगेचा पट्टा खांद्याला लावला.

"तीस वर्सां लोकांका खंय उतरूचा ता मीच सांगलंय," ते म्हणाले. "आज तुका सांगतंय. हयसर उतरूचा."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी उतरले.

लिमोजच्या फलाटावर स्ट्रेचर तयार होतं. विणकामवाल्या बाई दारापर्यंत आल्या, माझ्या प्लास्टरमधून बाहेर आलेला अंगठा त्यांनी दोन बोटांत धरून हलवला आणि काहीतरी म्हणाल्या. गाडी गेली. माझी रेवा त्या गाडीच्या टोकाला होती आणि गाडी मला सोडून निघाली होती. स्ट्रेचरवर मी खूप रडले. रडणं लपवावं असं तिथे कोणी नव्हतं.

हॉस्पिटलात प्रश्नांची सरबत्ती झाली. आधीचे आजार, औषधं, ॲलर्जी, कोणाला कधी गुठळी झाली होती का. इंग्रजी कोणाला धड येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच येत नव्हतं. मास्तरांनी निखिलला फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. पाच मिनिटांत बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग फोनमध्ये मागून रेवाचा आवाज आला. "कोणाशी बोलतोयस? आई कुठे आहे?" आणि तिकडे फोन तिच्या हातात गेला, इकडे बाईंनी तो माझ्या हातात दिला.

"आये, खंय आसस तू?"

"लिमोजाक."

"थंय कित्याक उतरलंस?"

मी फोन मास्तरांपुढे धरला, त्यांनी घेतला नाही.

"आये, खरा सांग."

मग मी एका दमात बारा दिवस सांगून टाकले. काजू, घोटा, विद्यार्थ्याशी बोललेलं खोटं, झगा, सगळं. पलीकडे काहीच आवाज नाही. ज्यासाठी एवढं लपवलं तेच मी करून बसले, असं वाटलं. मग मोठा श्वास ऐकू आला, आणखी एक, आणखी एक. ती कळ होती.

"गेली," रेवा म्हणाली. "आता रडा नको. डॉक्टरांका फोन दी."

आणि ती बोलायला लागली. माझी मुलगी फ्रेंच बोलते हे मला माहीत होतं, पण तिला काम करताना मी कधी ऐकलंच नव्हतं. भराभर, ठणठणीत, कुठे अडायचं नाही. मधेच ती थांबली. डॉक्टरीणबाईही थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून स्वतःच्या पोटावर हात गोल फिरवला आणि भुवया उंचावल्या. मी होकार दिला. बाईंनी एक स्टूल ओढलं, बसल्या आणि फोनमध्ये हळू आवाजात श्वास मोजू लागल्या. मीही मोजू लागले, "लांब घे, बाय माझी, सोड, आता सोड." कळ ओसरली की रेवा पुन्हा कामाला लागायची. सुरुवातीला सांगितलेली सोनोग्राफी झाली ती यातच. "आये, हेपरिन देतले. पोटार सुई. आधी छातीचो सीटी काढतत, वर गेल्या काय ता बगूक."

छातीचा सीटी स्कॅन म्हणजे हातात सुईने औषध सोडतात आणि एका मोठ्या कड्यातून तुम्हाला आत-बाहेर नेतात. औषध शिरताना अंगभर ऊन ऊन लागतं, घाबरू नका. निकाल यायला वेळ लागला. व्हरांड्यात मास्तर माझ्या स्ट्रेचरला धरून उभे होते. बस म्हटलं तरी बसले नाहीत. मी मनात म्हणत होते, तिचं मूल आज येतंय, मला आज न्यायचं नाही. एवढंच.

बाई आल्या त्या अंगठा वर करूनच. फुप्फुसं स्वच्छ होती.

इंजेक्शनला लो मॉलिक्युलर वेट हेपरिन म्हणतात. रक्त पातळ करणारं औषध असं आपण म्हणतो, खरं म्हणजे ते गुठळीला वाढू देत नाही. आहे ती गुठळी शरीर आपली आपण हळूहळू विरघळवतं. पुढे गोळ्या चालू केल्या, तीन महिन्यांच्या. प्लास्टर कापून काढलं आणि काढता-घालता येणारा बूट दिला. कापणाऱ्या माणसाने लाल तुकडा नाकाशी नेला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चाखून दाखवायला तयारच होते, मी आवरलं. एक रात्र ठेवून घेणार होते.

संध्याकाळचे सात वाजले तरी खिडकीत लख्ख ऊन होतं. रेवाला पाठीत सुई देऊन कळा कमी केल्या होत्या, पण फोन तिने बंद करू दिला नव्हता. निखिलने तो तिच्या उशीवर ठेवला होता, इकडे माझा फोन माझ्या उशीवर होता. तिकडच्या सुईणीचा आवाज यायला लागला, "पुसे! पुसे!" म्हणजे जोर कर. मीही ओरडले, "जोर कर गो! आणखी! आणखी!" आमची नर्स धावत आली. मास्तर खिडकीपाशी हात जोडून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाण्यात दर वाक्याला बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. बाकीचे म्हणजे मीच. जोर कर गो आणि व्हय म्हाराजा, दोन्ही एकाच तोंडाने चाललं होतं.

आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, जिवंत.

"मुलगी," निखिल म्हणाले आणि स्वतःच हुंदके द्यायला लागले. त्या नर्सने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आमच्या खोलीत त्या क्षणी चौघंजण रडत होतो, फोनमधले निखिल धरून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जायला परवानगी दिली. अट अशी की दर तासाला उठायचं, दोन पावलं का होईना टाकायची आणि पाणी भरपूर प्यायचं. दुपारच्या गाडीत बसलो. लिमोजच्या पुढे देश बदलतो. पिवळी शेतं जातात, ओकची रानं येतात, खोल दऱ्यांतून नद्या, दगडी घरं, अक्रोडांच्या बागा. मी खरोखर सगळं पाहिलं. आदल्या दिवशी डोळे बाहेर होते आणि जीव घड्याळात. दर तासाला मास्तर, "चल, डेपोत फेरी मारून येवया," म्हणायचे आणि मी वॉकर घेऊन डब्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. वाटेत जो बघेल त्याला मी पाय दाखवायचे आणि सोनोग्राफीच्या कागदावरचा तो शब्दही. तुलूझ येईपर्यंत त्या डब्यात माझा आजार ठाऊक नसलेला एकही प्रवासी उरला नव्हता.

आता गोळ्या संपल्या आहेत. सोनोग्राफीत दोन्ही पायांची शीर सारखी चपटी होते. कुडाळच्या डॉक्टरसमोर मी कान धरले. तो म्हणाला, "बाई, असं करू नका, मला कसंतरी होतं." तरी धरले. एका पायाची पोटरी किंवा मांडी दुसरीपेक्षा सुजली, गरम लागली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर थांबू नका. गोळा आला म्हणून चोळू तर मुळीच नका. प्रवास ठरला असेल तर डॉक्टरांना सांगा, ते तुमचं तिकीट फाडत नाहीत. त्या कुरळ्या केसांच्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं. कोकमाचेही उपकार मानायला हवेत, पण ते मास्तर मानतात, रोज दोन वेळा, वाटीने.

त्या संध्याकाळी तुलूझच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा रेवा उशांना टेकून बसली होती. बाळ काचेच्या पाळण्यात झोपलं होतं. मी वॉकर टेकत सरळ पाळण्याकडे निघाले.

"आधी पाय दाखय," रेवा म्हणाली.

मी खुर्चीवर बसले, बूट सोडला. काळानिळा, सुजलेला घोटा. तिने वाकून घोट्यावर बोट टेकवलं.

"दुखता?"

काय होणा नाय, असं म्हणायला तोंड उघडलंच होतं. माझ्या आईला मी कधी दुखतंय म्हणताना ऐकलं नव्हतं, आजीलाही नाही.

"दुखता गो," मी म्हटलं. "खूप दुखता."

रेवाने कुशीवर सरकून खाटेवर जागा केली. मास्तरांनी मला वर चढवलं. तिने आपल्या पाठीमागची एक उशी काढून माझ्या पायाखाली सरकवली, नीट उंच झाली की नाही ते दोनदा पाहिलं, आणि मग निखिलला म्हणाली, "आता बाळ आईकडे दे."